कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून

आपल्याकडे शाळेच्या इतिहासात क्लेमंट ॲटलीला एकच ओळ मिळते. २० फेब्रुवारी १९४७ ला ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी जाहीर केलं की जून १९४८ च्या आत भारतातली सत्ता सोडणार. एका मार्काचा प्रश्न, गाळलेली जागा भरा, विषय संपला. चर्चिलवर आपण रात्र रात्र बोलू शकतो, बंगालच्या दुष्काळावरून त्याला बोल लावतो आणि लावायलाच पाहिजे, पण ज्या माणसाने त्याच चर्चिलला ऐन विजयाच्या वर्षी निवडणुकीत हरवलं आणि पुढच्या सहा वर्षांत ब्रिटनचा अख्खा संसार नव्याने मांडला, त्याचा चेहरासुद्धा बहुतेकांना आठवणार नाही. टक्कल, बारीक मिशी, तोंडात पाइप, अंगात वेस्टकोट, आणि बोलणं एक-दोन शब्दांचं.

मी सध्या पूर्व लंडनमध्ये राहते, ज्या भागात हा माणूस घडला त्याच भागात, आणि इथल्या युनिव्हर्सिटीच्या आवारात त्याचा पुतळा आहे. त्याच्याबद्दल जमेल तसं वाचत गेले, पार्लमेंटमधली भाषणं चाळली, आणि हळूहळू माझं एक मत झालं. या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीच्या मुळाशी एकच चीड आहे. अडलेल्या माणसाला मदतीसाठी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं, हात पसरावा लागतो, आणि समोरचा त्याला खालून वर न्याहाळतो, त्याची चीड. बाकी सगळं, निवडणुका, मंत्रिमंडळ, कायदे, त्या चिडीतून आलंय.

आणि गंमत म्हणजे त्याच्यावर स्वतःवर अशी वेळ कधी आलीच नव्हती. ३ जानेवारी १८८३ चा जन्म, लंडनच्या पटनी भागात, आठ भावंडांतला सातवा, वडील सॉलिसिटर, घरात पैसा, नोकरचाकर, देवधर्म सगळं होतं. शाळा हेलीबरी, म्हणजे जिथे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं आणि हिंदुस्थानात पाठवायचे साहेब तयार व्हायचे तीच जागा. नंतर ऑक्सफर्डला इतिहास, मग १९०६ मध्ये वकिलीची सनद. त्या वयात तो साम्राज्याचा पक्का भक्त होता, मत हुजूर पक्षाचं, आणि वकिलीत जीव रमत नव्हता.

ऑक्टोबर १९०५ मध्ये तो भावाबरोबर पूर्व लंडनमधल्या स्टेपनीला गेला. त्याच्या शाळेने गोदीतल्या मजुरांच्या पोरांसाठी तिथे एक क्लब चालवला होता, हेलीबरी हाउस. संध्याकाळी मुलं यायची, कवायत, खेळ, थोडी शिस्त. सुरुवातीला नुसतं बघायला गेलेला हा वकील नंतर पुन्हापुन्हा जायला लागला आणि १९०७ मध्ये क्लबचा मॅनेजर होऊन तिथेच राहायला गेला. पहिलं महायुद्ध येईपर्यंतची बहुतेक वर्षं त्याने याच पूर्व लंडनमध्ये काढली. त्या काळातलं स्टेपनी म्हणजे एकेका खोलीत सात-आठ माणसं, गोदीवर रोज सकाळी कामासाठी गर्दी, मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याला त्या दिवसाचं काम आणि बाकीचे घरी. तिथलाच एक किस्सा सांगतात. रस्त्यात ओळखीची एक छोटी मुलगी भेटली, तिने विचारलं, मिस्टर ॲटली कुठे चाललात? हा म्हणाला, घरी, चहा घ्यायला. तिकडे चहा म्हणजे संध्याकाळचं खाणंच. तर ती म्हणाली, मी पण घरीच चाललेय, काही खायला आहे का बघायला.

मला या गोष्टीत तिचा सूर फार लागतो, कारण त्यात तक्रार नाहीये, ती नुसतं सांगतेय.

त्या वेळी गरिबांना मदत करणारे लोक कमी नव्हते हे पण लक्षात घ्यायला हवं. उलट लंडनमध्ये धर्मादाय संस्थांचं पीक होतं. त्यांच्या बायका-पुरुष घरोघरी जायचे, चौकशा करायचे, नवरा पितो का, घर स्वच्छ आहे का, चर्चला जाता का, आणि मग ठरवायचे की हा गरीब मदतीच्या लायकीचा आहे की नाही. सरकारी मदत हवी असेल तर पुअर लॉ, म्हणजे गरिबांसाठीचा जुना कायदा, आणि त्याच्या शेवटी वर्कहाउस, जिथे नवरा एका वॉर्डात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. ॲटलीला हे सगळं इतक्या जवळून दिसलं की त्याचं मतच फिरलं. १९०८ मध्ये तो इंडिपेंडंट लेबर पार्टीत, म्हणजे मजूर पक्षाशी जोडलेल्या समाजवादी पक्षात गेला. पुढच्या वर्षी पुअर लॉ मोडून काढण्यासाठी समाजसुधारक बिॲट्रिस वेबने जी मोहीम काढली तिचं काम त्याने केलं, १९११ मध्ये अर्थमंत्री लॉईड जॉर्जच्या नव्या विमा कायद्याची माहिती लोकांना समजावून सांगायची सरकारी नोकरी घेतली आणि सायकलवर टांग टाकून गावोगाव हिंडला. १९२० मध्ये समाजकार्यावर त्याने एक पुस्तकही लिहिलं, त्यातला मुद्दा असा की देणाऱ्याच्या मर्जीवर मिळालेली मदत घेणाऱ्याला लहान करते, तीच गोष्ट कायद्याने हक्क म्हणून मिळाली तर माणूस ताठ मानेने घेतो.

हे वाचताना मी थांबले, कारण मला माझी आई आठवली.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. आम्ही कल्याणचे, बाबा एका छोट्या कारखान्यात, तो बंद पडून दोन वर्षं झालेली. मुंबईच्या एका हॉस्पिटलने खर्चाचा आकडा लिहून दिला आणि मग आई आणि मी निघालो, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, नगरसेवकाचं पत्र, आमदाराचं पत्र, डॉक्टरचं एस्टिमेट, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, एका ट्रस्टच्या ऑफिसमधून दुसऱ्या ट्रस्टच्या ऑफिसमध्ये. प्रत्येक ठिकाणी तेच, बाहेर बाकावर बसायचं, नाव पुकारलं की आत जायचं, उभं राहून सगळं परत पहिल्यापासून सांगायचं. एका ठिकाणी टेबलापलीकडच्या माणसाने कागदांवरून नजर उचलली आणि आईच्या हाताकडे बघत म्हणाला, "बाई, बांगड्या तर सोन्याच्या दिसतायत." त्या एक ग्रॅमच्या होत्या, स्टेशनबाहेरच्या दुकानातून घेतलेल्या, पाणी उडायला आलेलं. आईने खुलासा केला, अगदी हसून केला, मनगट पुढे करून दाखवलं कुठे कुठे काळं पडलंय ते. खाली आल्यावर जिन्यातच तिने त्या काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या, आणि पुढच्या ऑफिसला मोकळ्या हाताने आली. नवरा आयसीयूत असताना मोकळ्या हाताने, आणि आईसारखी बाई, जी रात्री झोपतानासुद्धा बांगडी उतरवत नाही.

पैसे मिळाले. त्याच ट्रस्टने दिले, बाबा वाचले, आणि त्या माणसाचेही आमच्यावर उपकार आहेत हे मी नाकारत नाही. पण आई त्या रस्त्याने जायची वेळ आली की अजून पलीकडच्या फुटपाथला जाते.

आता इंग्लंडात १९३१ नंतर काय झालं बघा. मंदीने लाखो लोक बेकार झाले, सरकारने खर्च कमी करायला घरटी चौकशी सुरू केली, मीन्स टेस्ट. बेकारभत्ता संपलेल्या माणसाच्या घरी इन्स्पेक्टर यायचा, खुर्च्या किती, कपाट कशाला हवं, मुलगा कमावतो का, म्हाताऱ्या आईचं पेन्शन किती, सगळं मोजायचा. मुलगा कमावता असेल तर बापाचा भत्ता कापला जायचा, त्यामुळे मुलं घर सोडून दुसरीकडे राहायला जायची. त्या पिढीतले लोक उपास विसरले असतील पण तो इन्स्पेक्टर विसरले नाहीत. बांगड्या आणि खुर्च्या, काय फरक आहे? ॲटली तेव्हा विरोधी बाकावर होता आणि पूर्व लंडनमधल्या ज्या लाइमहाउसचा तो खासदार होता तिथे हे सगळं रोज चालू होतं.

मधली वर्षं भराभर सांगते, फक्त युद्धापाशी जरा थांबायला हवं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, तरी खटपट करून भरती झाला, आणि त्याचा सख्खा भाऊ टॉम युद्धाला नकार देऊन तुरुंगात गेला. दोघांचं प्रेम शेवटपर्यंत टिकलं. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीतून सैन्य मागे घेतलं तेव्हा सुवला बेचा किनारा सोडणाऱ्यांत हा शेवटून दुसरा. तिथून मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. आणि इथे आपला एक धागा लागतो. कुत नावाच्या गावात तुर्कांनी ब्रिटिशांची जी फौज कोंडली होती ती होती सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. त्यांना सोडवायला जी फौज निघाली तिच्यात कॅप्टन ॲटली होता. एप्रिल १९१६ मध्ये हन्नाच्या खंदकांवर चाल करताना आपल्याच तोफांच्या माऱ्यात तो जबर जखमी झाला आणि उपचारासाठी आधी हिंदुस्थानात आला. कुत काही सुटलं नाही, २९ एप्रिलला अन्नावाचून शरण गेलं, आणि कैदेत आपले किती जवान वाळवंटात पायी चालत चालत मेले. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत त्या युद्धात गेलेल्यांचे फोटो अजून भिंतीवर असतील.

युद्धानंतर मेजर ॲटली स्टेपनीचा महापौर झाला, जानेवारी १९२२ मध्ये व्हायोलेटशी लग्न, त्याच वर्षी लाइमहाउसचा खासदार. १९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाची पार धूळधाण उडाली, ५२ जागा राहिल्या, मोठमोठे नेते पडले, आणि हा ५५१ मतांनी कसाबसा वाचला. तेवढी मतं इकडची तिकडे झाली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. १९३५ मध्ये तो पक्षाचा नेता झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं तात्पुरता आहे. तो वीस वर्षं राहिला.

मे १९४० मध्ये पंतप्रधान चेंबरलेनच्या हाताखाली काम करायला मजूर पक्षाने नकार दिला आणि चर्चिल आला. युद्धमंत्रिमंडळात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत दोघंच होते, चर्चिल आणि ॲटली. चर्चिल रेडिओवर आणि जगभर, आणि घरचा कारभार, कमिट्या, रेशन, कागद, हे बरंचसं ॲटलीकडे. म्हणजे सभा कशी चालवायची, कुणाला किती बोलू द्यायचं, कुठे थांबवायचं आणि निर्णय कागदावर कसा उतरवायचा हे शिक्षण त्याचं तिथे पक्कं झालं. पुढे त्याच्या मंत्रिमंडळात बेविन, मॉरिसन, क्रिप्स, बेव्हन असे एकापेक्षा एक दांडगे लोक होते, एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेले, आणि त्या सगळ्यांना त्याने सहा वर्षं एका टेबलाशी बसवलं. पक्षाचा अध्यक्ष हॅरॉल्ड लास्की सरकारच्या वतीने सारखा बोलत सुटायचा तेव्हा ऑगस्ट १९४५ मध्ये ॲटलीने त्याला पत्र लिहून कळवलं की तुम्ही काही काळ गप्प राहिलात तर बरं होईल. चिडचिड नाही, आवाज नाही, काम झालं.

५ जुलै १९४५ ला मतदान झालं, परदेशातल्या सैनिकांची मतं यायची म्हणून निकाल तीन आठवडे थांबला. प्रचारात चर्चिलने रेडिओवर सांगितलं होतं की मजूर पक्षाला राज्य चालवायचं तर हिटलरच्या गेस्टापो पोलिसांसारखं काहीतरी लागेल, आणि दुसऱ्या दिवशी ॲटलीने शांतपणे चर्चिलचे आभार मानले, युद्धातला नेता आणि पक्षाचा नेता यात किती अंतर आहे ते त्यांनी देशाला दाखवून दिलं म्हणून. २६ जुलैला मजूर पक्षाच्या ३९३ जागा आल्या. संध्याकाळी व्हायोलेट स्वतः छोटी गाडी चालवत त्याला राजवाड्यावर घेऊन गेली, तो आत जाऊन पंतप्रधान होईपर्यंत ती बाहेर गाडीत थांबली.

हातात आलेला देश कर्जात बुडालेला होता. ऑगस्टमध्ये अमेरिकेने युद्धकाळातली मदत एकदम बंद केली, मग ३७५ कोटी डॉलरचं कर्ज काढावं लागलं, ज्याचा शेवटचा हप्ता २००६ च्या शेवटी फिटला. युद्धातसुद्धा पाव रेशनवर नव्हता तो १९४६ मध्ये रेशनवर आला. १९४७ च्या हिवाळ्यात कोळसा संपला, कारखाने बंद, घरं गार. कुणीही म्हटलं असतं की आत्ता नको, पैसे आले की बघू. आपण हे वाक्य किती वेळा ऐकतो! आणि नेमक्या त्याच वर्षांत यांनी विमा, पेन्शन, आजारभत्ता, बाळंतपणाचा भत्ता, अंत्यविधीची मदतसुद्धा, सगळं कायद्यात बसवलं, आणि ५ जुलै १९४८ ला आरोग्यसेवा सुरू केली, एनएचएस. त्याच दिवसापासून पुअर लॉ कायद्याच्या पुस्तकातून गेला. मोहीम १९०९ ची, आणि त्यातला एक सायकलवाला कार्यकर्ता एकोणचाळीस वर्षांनी पंतप्रधान म्हणून तो कायदा गाडतो, हे मला फार मोठं वाटतं.

आरोग्यसेवेचं श्रेय आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हनचं, ते द्यायलाच हवं. वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, डॉक्टरांच्या संघटनेशी दोन वर्षं झुंजला. पण मंत्रिमंडळात हॉस्पिटलं नगरपालिकांकडेच ठेवा म्हणून मॉरिसन अडून बसला होता तेव्हा ॲटलीने बेव्हनच्या बाजूने निकाल दिला, नाहीतर श्रीमंत शहरात चांगलं हॉस्पिटल आणि गरीब शहरात फुटकं, असंच राहिलं असतं. आणि सेवा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ४ जुलैला, बेव्हन मँचेस्टरच्या सभेत विरोधकांना किड्यांपेक्षा हलके म्हणाला, त्याच दिवशी ॲटली रेडिओवर सांगत होता की या कामात सगळ्या पक्षांचा हात आहे. योजना टिकवायची असेल तर ती उद्या सत्तेत येणाऱ्यालाही आपली वाटली पाहिजे हे त्याला कळत होतं. पहिल्या दिवसांत चष्म्यांना आणि दातांना झुंबड उडाली. बायका वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढून बसलेल्या, विमा असलाच तर कमावत्या नवऱ्याचा, त्या आल्या. कुणी खुर्च्या मोजल्या नाहीत.

आता भारत. इथे मला लिहायला त्रास होतो.

ॲटली हिंदुस्थानात आला होता, सायमन कमिशनचा सदस्य म्हणून. सातही सदस्य गोरे. ३ फेब्रुवारी १९२८ ला ते मुंबईत उतरले तेव्हा हरताळ होता, काळे झेंडे होते, आणि "सायमन गो बॅक" ही घोषणा आपल्या मुंबईच्याच युसुफ मेहेरअलींची. लाहोरात लाठीमार झाला आणि लाला लजपतराय गेले. ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात याच कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली, अस्पृश्यांना मतदानाचा हक्क आणि राजकीय संरक्षण मागितलं, तेही उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. समोर बसलेल्या स्टेपनीच्या माणसाच्या मनात तेव्हा काय चाललं असेल याचा मी पुष्कळ विचार केलाय. पण कमिशनचा अहवाल आला त्यात वसाहतीच्या स्वराज्याचा उल्लेखसुद्धा नव्हता, आणि त्यावर त्याची सही आहे.

पुढे मात्र त्याचं मत बदलत गेलं आणि पंतप्रधान झाल्यावर भारताची फाइल त्याने स्वतःकडे ठेवली. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या नौसैनिकांनी बंड केलं, मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि १९ तारखेला लंडनमध्ये सत्ता सोडण्याची बोलणी करायला भारतात येणाऱ्या कॅबिनेट मिशनची घोषणा झाली. तो निर्णय आधीच शिजत होता, पण राज्य आता बंदुकीच्या जोरावर चालणार नाही हे त्याला स्वच्छ दिसत होतं. गांधीजींचा प्रभाव नगण्य होता असं ॲटली खासगीत बोलला, हा किस्सा व्हॉट्सॲपवर दर ऑगस्टला फिरतो, तर तो एका माजी न्यायाधीशांनी वीस वर्षांनी लिहिलेल्या पत्रातला आहे. त्यावर अख्खा इतिहास उभा करू नये, आणि नौसैनिकांचं, आझाद हिंद सेनेचं मोल कळायला त्याची गरजही नाही.

मिशन फसलं. कलकत्ता पेटलं, नौखाली, बिहार. तेव्हा ॲटलीने तारीख ठरवली. व्हाइसरॉय वेव्हेलला तडकाफडकी बाजूला केलं, माउंटबॅटनला पाठवलं, आणि जून १९४८ ची मुदत जाहीर केली. त्याचा हिशोब असा की तारीख समोर असल्याशिवाय कुणी जागचं हलणार नाही. चर्चिलने पार्लमेंटमध्ये याला लाजिरवाणा पळ म्हटलं. चर्चिल निवडून आला असता तर आपल्याला अजून किती वर्षं आणि किती रक्त द्यावं लागलं असतं कोण जाणे, त्यामुळे तारीख ठरवण्याबद्दल मी ॲटलीची ऋणी आहे. पण माउंटबॅटनने ती तारीख दहा महिने अलीकडे ओढली, १५ ऑगस्ट १९४७, आणि लंडनने मान डोलावली. भारतात आधी कधीही पाऊल न ठेवलेला इंग्रज वकील रॅडक्लिफ फाळणीची रेषा आखायला ८ जुलैला आला, पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगाल कापले, आणि रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून गेल्यावर. एक कोटीहून जास्त माणसं घरातून उठली, लाखो मेली.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आजी सिंधमधल्या सक्करची होती. तिकडे तिच्या सासऱ्यांची धान्याची पेढी, दारात घोडागाडी. १९४७ नंतर ती कल्याणच्या लष्करी छावणीत आली, जिचं पुढे उल्हासनगर झालं. छावणीत सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, नाव सांगायचं, कुटुंबात माणसं किती ते सांगायचं, मग डाळ मिळायची. ती सांगायची की पहिल्या दिवशी तिला भांडं पुढे करता येईना, मागची बाई ओरडली तेव्हा कुठे हात पुढे झाला.

माझी ॲटलीबद्दलची तक्रार इथे आहे. इंग्रजांच्या घरात इन्स्पेक्टर शिरू नये म्हणून ज्याने जन्म घालवला त्याच्या सरकारच्या घाईने आमच्या आया-आज्यांना रांगेत उभं केलं. स्टेपनीची मुलगी त्याने डोळ्यांनी पाहिली होती. सक्करची सून त्याला दिसली नाही. जाहीर तारखेआधी फौज कुठे ठेवायची, माणसं कशी हलवायची, रेषा आधी का सांगायची नाही, हे प्रश्न त्याच्या टेबलावर यायला हवे होते, कारण कमिटीत बसून बारीकसारीक गोष्टी धसास लावणं हेच तर त्याचं सगळ्यात मोठं कौशल्य होतं. ते त्याने विम्याच्या कायद्याला वापरलं, आपल्याला नाही. मी त्याला मानते आणि तरी हे त्याला माफ करत नाही, दोन्ही एकदमच.

आणखीही एक आहे. जानेवारी १९४७ मध्ये त्याने मोजक्या मंत्र्यांची गुप्त बैठक घेऊन ब्रिटनचा अणुबॉम्ब बनवायचं ठरवलं, बाकीच्या मंत्रिमंडळाला पत्ता नाही. मितभाषी माणसाच्या हातात मौन हे हत्यारही असतं.

१९५० मध्ये तो पाच जागांच्या बहुमताने परत आला. कोरियाच्या युद्धासाठी पैसे हवेत म्हणून अर्थमंत्री गेट्सकेलने दात आणि चष्म्यांवर फी लावली, बेव्हनने राजीनामा दिला, पक्ष फुटायला आला, आणि ऑक्टोबर १९५१ ला चर्चिलपेक्षा जास्त मतं मिळवूनही तो हरला. ज्याची भीती होती ते मात्र झालं नाही, चर्चिलने आरोग्यसेवा मोडली नाही. औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग लावला, पण मोडली नाही. १९५५ मध्ये ॲटली पक्षाच्या नेतेपदावरून उतरला. जानेवारी १९६५ मध्ये चर्चिलच्या अंत्ययात्रेत मानाच्या खांदेकऱ्यांत तो होता, ब्याऐंशी वर्षांचा, थकलेला, लंडनच्या थंडीत मध्येच खुर्चीवर टेकावं लागलं, तरी गेला. ८ ऑक्टोबर १९६७ ला वारला तेव्हा मागे ७,२९५ पौंड होते. आणि १९३९ मध्ये जर्मनीतून पळून आलेल्या एका ज्यू मुलाला त्याने आपल्या घरात चार महिने मुलांबरोबर ठेवलं होतं हे जगाला कळलं २०१८ मध्ये, त्या मुलानेच म्हातारपणी सांगितलं म्हणून. त्या वर्षांत तो विरोधी पक्षनेता होता, एक फोटो छापून आणला असता तर चाललं असतं. त्याने आणला नाही.

आज इथली आरोग्यसेवा दमलेली आहे, ऑपरेशनला महिनोन्‌महिने नंबर लागतो, आमच्यासारख्यांना व्हिसाबरोबर वेगळा सरचार्ज भरावा लागतो. मागच्या आठवड्यात आमच्या डॉक्टरकडे वेटिंगरूममध्ये बसले होते तेव्हा ऐंशीच्या पुढची एक बाई काठी टेकत काउंटरला आली आणि गुडघ्याच्या तारखेवरून रिसेप्शनिस्टला जे काही बोलायला लागली, अख्खी खोली ऐकत होती. ती म्हणाली, पंधराव्या वर्षापासून विम्याचा स्टॅम्प भरलाय मी, हे माझं आहे, मला डॉक्टर हवाय आणि या आठवड्यात हवाय. रिसेप्शनिस्ट कॉम्प्युटरमध्ये खालवर करत राहिली आणि गुरुवारी सव्वानऊ म्हणाली. सव्वानऊला बस नसते, साडेदहा कर, असं म्हणून बाई काउंटरवर कोपर टेकून तिथेच उभी राहिली.